बेटावरचा तंबू आणि इन्सुलिनची बाटली

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक गृहस्थ आले. साठीचे, मधुमेही. मित्रांबरोबर अंदमानातील लाँग आयलंड बेटावर तंबू ठोकून तीन रात्री राहायचा बेत. ‘डॉक्टर, तीन दिवसांचं इन्सुलिन पुरे ना?’

मी म्हटले, आठवड्याचे न्या. रंगतकडून तेथे बोटीनेच जावे लागते आणि समुद्र खवळला की बोट सुटत नाही. माझा एक रुग्ण अशाच एका बेटावर दोन दिवस अडकला होता. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. परतला तेव्हा दाब 200 वर 110! गोळ्या मीच मोजून लिहून दिल्या होत्या, हे मी विसरलेलो नाही.

दुपारी तंबू भट्टीसारखा तापतो. त्यात ठेवलेले इन्सुलिन निकामी होते आणि बाटलीकडे पाहून ते कळेलच असे नाही. ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, सावलीत ठेवावी. दमट हवेत मडके फारसे गार होत नाही, तरी तंबूपेक्षा बरे. बर्फाला चिकटवू नये. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे.

जुलाब लागल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. मधुमेह्यांनीसुद्धा. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. अशा वेळी किती घ्यायचे ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

औषधांचे दोन भाग करून एक सोबत्याच्या पिशवीत ठेवा, असेही त्यांना सांगितले. बोटीतून उतरताना पिशवी पाण्यात पडायला वेळ लागत नाही.