अफवा अर्धा तास टिकली तरी पुरते

मार्च 2020 आठवतोय? 5 तारखेला रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले, खात्यातून 50,000 रुपयांपेक्षा जास्त काढता येईनात, आणि आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचे सुमारे 984 कोटी रुपये तिथे अडकले. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर 2019 मध्ये, हीच बँक मुंबई पोलिसांकडे गेली होती: आमच्याबद्दल व्हॉट्सॲपवर अफवा पसरवतायत!

म्हणजे अफवा खरीच असते का? नाही. खोटं पसरवून शेअर पाडणारे असतातच. ते कसं करतात ते बघू.

शॉर्ट सेलिंग म्हणजे आधी विकायचं, मग घ्यायचं. समजा शेअर 500 ला आहे. हातात नसलेले 1000 शेअर मी विकले आणि भाव 450 वर आल्यावर परत घेतले. 50,000 सुटले. आपल्याकडे रोखीच्या बाजारात तुम्हाआम्हाला असा सौदा त्याच दिवशी पुरा करावा लागतो. जास्त दिवस धरायचा तर फ्युचर्समध्ये जायचं, नाहीतर शेअर उसने घ्यायचे. यात बेकायदा काही नाही. फुगलेल्या भावाला टाचणी लावणारा बाजारात कुणीतरी हवाच, असं माझं मत. गुन्हा होतो तो भाव पडायची वाट न बघता खोटं बोलून तो पाडण्यात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं. नोव्हेंबर 2007 मध्ये ब्लॅकस्टोन ही कंपनी अलायन्स डेटा सिस्टिम्स विकत घेणार होती, दर शेअरला 81.75 डॉलर देऊन. पॉल बर्लिनर नावाच्या ट्रेडरने ओळखीच्यांना मेसेज टाकले: ब्लॅकस्टोन आता 70 च देणार म्हणे. साधारण अर्ध्या तासात शेअर 17 टक्के कोसळला. त्याने आधी विकून खाली उचलले आणि 25,000 डॉलरच्या वर कमावले. तो सापडला, कारण मेसेज आणि सौदे दोन्हींची नोंद होती.

एका मेसेजने एवढी पडझड कशी? कारण पहिले काही जण घाबरून विकतात, भाव खाली येतो, मग ज्यांनी स्टॉपलॉस लावून ठेवलेत त्यांचे शेअर आपोआप विकले जातात, भाव आणखी पडतो. या दुसऱ्या टप्प्यातल्या लोकांनी अफवा ऐकलेलीही नसते.

बँकेचं तर आणखी अवघड. चाकणच्या एखाद्या कारखान्याबद्दल अफवा उठली म्हणून त्याची मशीन बंद पडत नाही. पण बँक बुडणार म्हणत सगळे पैसे काढायला धावले, तर धडधाकट बँकही अडचणीत येते. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि आयसीआयसीआय बँकेबद्दल कुजबुज सुरू झाली. त्यात खऱ्याचा एक कण होता: तिच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे रोखे होते. रक्कम बँकेच्या आकाराच्या मानाने किरकोळ, पण एटीएमपुढे रांगा लागल्या. शेवटी 30 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की बँकेकडे पुरेशी रोख आहे. ती बँक टिकली. मात्र तेव्हा जगभरचे बाजार कोसळत होते, त्यामुळे शेअरच्या घसरणीतला किती भाग अफवेचा हे वेगळं काढणं महाकठीण.

म्हणून बँकेने इन्कार केला की नाही, यावरून काही ठरत नाही. इन्कार दोघींनीही केला होता. मी बघतो ते एवढंच की आरोप करणारा नाव लावून, ताळेबंदातला आकडा दाखवून बोलतोय का. "आतली बातमी आहे" म्हणणारा सहसा काहीच दाखवत नाही.

खोट्या बातम्या पेरायला सेबीच्या 2003 च्या नियमांनी बंदी आहे. शिवाय 2024 मध्ये नवा नियम लागू झाला: अफवेने भाव बराच हलला तर कंपनीने 24 तासांत खरं-खोटं सांगायचं. पण हा नियम पहिल्या 250 कंपन्यांनाच, आणि तोही बातमी मुख्य माध्यमांत आली तर. आपल्या पट्ट्यातल्या सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या त्या यादीबाहेर आहेत, आणि त्यांच्याबद्दलची कुजबुज फिरते ती कंपनीच्या बसमध्ये आणि व्हॉट्सॲपवर.