जुन्या लष्करी मालमोटारीस अधिक शक्तीचे डिझेल इंजिन

जर्मनीतील मान कंपनीच्या नमुन्यावर जबलपूर येथे तयार झालेल्या 'शक्तिमान' मालमोटारी लष्कराच्या सेवेतून निघाल्यावर लिलावात विकल्या गेल्या. अशी जुनी गाडी घेऊन धाराशिव जिल्ह्यात ऊस वाहू पाहणाऱ्या शेतकऱ्यास, बालाघाटाच्या चढावर मूळचे इंजिन तोकडे वाटून, त्याजागी अधिक शक्तीचे बसवावे असा मोह पडणे साहजिक आहे. परंतु केवळ अश्वशक्ती पाहून इंजिन घेऊ नये.

फेऱ्यांचा वेग तोच असता दीडपट शक्ती म्हणजे क्लच, गिअरपेटी व मागील आस ह्यांवर दीडपट पीळ होय. हे भाग जुन्याच मापाचे राहिल्यास प्रथम तेच तुटतात. उष्णताही वाढते, म्हणून रेडिएटर मोठा हवा. ब्रेकांचा विचार तर सर्वांआधी करावा. कारण ताशी ३० किलोमीटरऐवजी ४५ च्या वेगाने उतारावर येणारी भरलेली गाडी थांबविण्यास सव्वादोनपट जोर जिरवावा लागतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीविना असा बदल करू नये.

खर्चाचा अंदाज ह्या सर्वांसह करावा. तो गाडीच्या किमतीहून अधिक ठरल्यास मूळचेच इंजिन दुरुस्त करून ओझे बेताचे भरणे, हेच शहाणपणाचे होय.