घरी केलेली गाडी आणि पासिंगची वाट



आपल्या येरमाळा गटात हुन्नरी हातांची कधी वाण पडली नाही. मळणीयंत्राचा पट्टा तुटला, पंपाचे इंजिन आडून बसले, ट्रॉलीचा आकडा वाकला, की सुटा भाग येईपर्यंत वाट पाहत बसणारी आपली माणसे नव्हेत. काहीतरी जुळवून काम पुढे नेतात. आता तर आयटीआय शिकून आलेली पोरे घरोघर आहेत. वेल्डिंगचे मशीन आहे, ग्राइंडर आहे, भंगारात मोटारसायकलची इंजिने आणि रिक्षाची चाके मिळतात. मग कुणीतरी चारचाकी उभी करतो. गावातून एक फेरी होते, लहान पोरे मागे धावतात. आणि पुढच्या वेळी ऊस नोंदीला गट ऑफिसात आलेला बाप हळूच विचारतो, "गाडी तर झकास चालती. पासिंगचं काय?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. आमचे म्हणणे मात्र सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडी चालू लागली म्हणजे निम्मी गाडी झाली. उरलेली निम्मी म्हणजे चाचणी आणि कागद. हे निम्मे काम वेल्डिंगची पहिली ठिणगी पडण्याआधी सुरू करावे लागते. मागाहून ते होत नाही असाच बहुतेकांचा अनुभव आहे.

देवराष्ट्रेची जीप

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. याच गावच्या श्री. दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून जीपसारखी एक लहान गाडी तयार केली. मोटारसायकलला मारतो तशी किक मारून ती सुरू होई. स्टिअरिंग डाव्या हाताला. साठेक हजार रुपये खर्च आल्याचे त्या वेळी छापून आले होते. डिसेंबर २०२१ मध्ये गाडीची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि उद्योगपती श्री. आनंद महिंद्रा यांच्याही नजरेस पडली. त्यांनी कौतुक केले, पण त्याच दमात हेही सांगितले की गाडी नियमात बसत नाही, तेव्हा आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. ही गाडी आम्हाला द्या, बदल्यात नवी बोलेरो घ्या, असा देकार त्यांनी दिला. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहार कुटुंबाच्या दारात आली.

गोष्ट गोड झाली यात शंका नाही. पण सभासदांनी तिचा दुसरा पदरही पाहावा. जी गाडी रस्त्यावर धावावी म्हणून घडवली, ती कंपनीकडे कौतुकाने पाहण्यासाठी गेली. नंबरप्लेट मिळाली ती बोलेरोला. प्रत्येक लोहारदादाच्या दारात कुणी उद्योगपती येणार नाही. बाकीच्यांच्या गाड्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

इचलकरंजीची मीरा

हे दुखणे आजचे नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी सर्वसामान्यांना परवडेल अशी लहान मोटार स्वतः तयार करण्याचा ध्यास घेतला. पहिला नमुना १९४९ साली झाला. मोटारीचे नाव मीरा. पुढे सुधारणा करीत त्यांनी एकामागून एक नमुने केले, ते थेट सत्तरीच्या दशकापर्यंत. बारा हजारांच्या आसपास किमतीत ही मोटार देता येईल असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या मोटारी रस्त्यावर धावल्या, लोकांनी पाहिल्या, पण कारखाना निघाला नाही.

त्या काळी अडचण होती ती उद्योगाच्या परवान्याची. १९५१ च्या कायद्याने मोटार बनविण्यास दिल्लीचा परवाना लागे. मोटारींचा धंदा या परवान्यातून सुटला तो १९९३ साली. मधल्या काळात, १९८३ च्या डिसेंबरात, मारुतीची लहान मोटार बाजारात आली आणि लहान मोटारीची जागा तिने घेतली. आज परवान्याची ती अडचण उरलेली नाही. त्या जागी चाचणीची पायरी आली आहे, आणि ती समजून घेणे आपल्या हातात आहे.

कायदा काय मागतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नोंदणी करते ते परिवहन कार्यालय, आपल्यासाठी एमएच २५ वाले धाराशिवचे. पण गाडीची जात मंजूर करणे हे त्या कार्यालयाचे काम नाही. केंद्रीय नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना आधी ठरवून दिलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. आपल्या बाजूला अशा संस्था म्हणजे पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजेच एआरएआय, जी १९६६ साली सुरू झाली, आणि अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांच्या चाचणीचे मोठे केंद्र मध्य प्रदेशात बुधनी येथे आहे.

नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये करतात. सोबत नमुना २१, म्हणजे विकणाऱ्याचा दाखला, आणि नमुना २२, म्हणजे गाडी नियमाप्रमाणे बनली असून रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असा बनविणाऱ्याचा दाखला. शोरूममधून गाडी घेतली की हे कागद आपोआप मिळतात. घरच्या गाडीला विकणारा नाही, आणि बनविणारा म्हणजे आपलाच पोरगा. त्याच्या सहीला वजन येते ते संस्थेच्या मंजुरीने. ती नसेल तर साहेबाने कितीही कौतुक केले तरी त्याचा हात बांधलेला असतो. तेव्हा खिडकीवर हुज्जत घालून उपयोग नाही.

चाचणीत पाहतात ते काय? ब्रेक किती अंतरात गाडी थांबवतो, स्टिअरिंग, दिव्यांची उंची आणि झोत, आरसे, हॉर्न, स्पीडोमीटर, सीटबेल्ट जिथे पक्का केला ती जागा, धूर आणि आवाज. धुराचे म्हणाल तर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे माप लागू आहे. जुन्या मोटारसायकलचे इंजिन काढून नव्या गाडीत घातले, तर त्या मापात ते बसणे जवळजवळ अशक्य.

आणखी एक गंमत पाहा. गंमत म्हणावी की दैव, कोण जाणे. प्रवासी मोटारीच्या नव्या मॉडेलला ऑक्टोबर २०१७ पासून, आणि ऑक्टोबर २०१९ पासून इतर मॉडेलनाही, समोरून व बाजूने धडक देऊन पाहण्याची चाचणी लागू झाली. कंपनी हजारो मोटारी काढते, त्यातल्या एकदोन आपटल्या तर तिचे काही बिघडत नाही. पण ज्याच्याकडे एकच मोटार आहे, त्याने काय आपटायचे आणि घरी काय आणायचे? म्हणजे नियम वाईट आहेत असे नव्हे. ते कारखान्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत, एका घरात झालेल्या एका गाडीसाठी नाहीत.

जुनी गाडी कापून नवी

काहीजण म्हणतात, नवी गाडी नको, नंबर असलेली जुनी जीप घेऊ, तीच कापून हवी तशी करू. हा रस्ताही आता बंद आहे असेच समजा. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बनविणाऱ्या कंपनीने ठरविलेल्या रचनेहून वेगळी होईल अशा रीतीने गाडी बदलता येत नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत करावयाच्या बदलाला कायद्यात सवलत आहे, पण तीही परवानगी घेऊनच.

उत्तरेकडे पंपाचे इंजिन लावून केलेल्या गाड्यांना जुगाड म्हणतात. त्याही मोटार वाहनच आहेत आणि त्यांना सारे नियम लागू आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला. आपल्याकडे ऊस वाहतुकीला लहान ट्रॅक्टरची जोडणी असते, तिलाही लोक जुगाडच म्हणतात. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी आपले कागद एकदा काढून पाहावेत.

दंड परवडेल, अपघात परवडणार नाही

विनानोंदणी गाडी चालवल्यास पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. दुसऱ्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. पुष्कळजण म्हणतात, भरू दंड. पण खरी भीती दंडाची नाही. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नसताना अपघात झाला तर नुकसानभरपाई मालकाच्या डोक्यावर बसते. न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम भरली नाही, तर कलम १७४ प्रमाणे ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ही वसुली शेवटी जमिनीपर्यंत येते, हे शेतकऱ्याला आम्ही वेगळे सांगायला नको.

आणि आपला रस्ता कोणता आहे हेही ध्यानात घ्या. येरमाळ्यावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. रात्रंदिवस अवजड ट्रक. त्यात घाट. हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि टायर बैलगाड्या. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेला लाखो माणूस पायी आणि गाड्यांनी येतो. अशा रस्त्यावर घरी जुळवलेला ब्रेक एकदाच दगा देईल, पण त्या एका वेळी पुढे कुणाचे तरी लेकरू असेल. आपल्या पोराच्या हुन्नराचा अभिमान आम्हालाही आहे. पण गाडीची जोखीम आपल्या घरापुरती नसते, रस्त्यावरच्या प्रत्येकाची असते. पासिंग म्हणजे त्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे.

एका गाडीसाठी एक दार

परदेशात याला तोड काढलेली आहे. ब्रिटनमध्ये घरी जुळवलेल्या मोटारींची हौस फार जुनी. तिथे १९९८ पासून एकेका खासगी मोटारीची वेगळी तपासणी सुरू झाली आणि २००९ पासून ती नव्या स्वरूपात चालते. सरकारी निरीक्षक ती एकच गाडी तपासतो. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, सीटबेल्ट तर पाहतोच, पण पत्र्याची धार बाहेर आली आहे का, पादचाऱ्याला ती कापेल का, हेही पाहतो. नापास झाली तर दोषांची यादी हातात देतो. दोष काढा आणि पुन्हा या. गाडी आपटत नाहीत आणि ढिलाईही करत नाहीत.

आपल्याकडे असे लहान दार असावे असे आम्हाला वाटते. वेगाला मर्यादा घाला, महामार्गावर बंदी घाला, दरवर्षी तपासणी ठेवा, पण एक गाडी करणाऱ्याला तपासून घेण्याची परवडणारी सोय द्या. सहकारी चळवळीने आजवर लहान माणसाच्या अडचणी एकत्र करूनच मांडल्या आहेत. वार्षिक सभेत हा विषय सभासदांनी जरूर काढावा.

तोवर काय करावे

पहिली गोष्ट, लोखंड विकत घेण्याआधी चाचणी संस्थेकडे लेखी चौकशी करा. गाडी कोणत्या वर्गात पडेल, कोणत्या चाचण्या लागतील, फी किती, हे कागदावर घ्या. आकडा पाहून बेत बदलला तरी नुकसान टपालखर्चाचेच.

दुसरी, भंगारातून इंजिन घेताना पावती घ्या आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मागा. नाहीतर चोरीच्या गाडीचा नंबर तुमच्या गाडीत निघायचा. चासीवर आणि इंजिनावर नंबर ठोकलेला असावा हाही नियमच आहे.

तिसरी, चाचणीला गाडी चालवत नेऊ नका. बार्शी-टेंभुर्णीवरून पुणे गाठायचे असो की अहिल्यानगर, गाडी टेम्पोत घालून, दोर आवळून न्या. पासिंगला निघालेली गाडी वाटेतच पकडली गेली तर सांगणार काय?

चौथी, फक्त बंदिस्त आवारात वापरायच्या खास प्रकारच्या वाहनाला कायदा मोटार वाहन धरत नाही. आपल्या कुंपणाच्या आत चारा, खत, ठिबकच्या नळ्या वाहणारी गाडी करायला हुन्नराला भरपूर वाव आहे. मात्र कुंपणाबाहेर चाक पडले की ही सवलत संपली.

पाचवी गोष्ट तरुणांसाठी. इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांची बाहा ही स्पर्धा मध्य प्रदेशात पीथमपूर येथे भरत आली आहे. पोरे स्वतः एका माणसाची गाडी बांधतात. आधी कडक तपासणी, मग ब्रेकची परीक्षा. ब्रेक दाबला की चारही चाके जागीच जाम झाली पाहिजेत, नाहीतर गाडी शर्यतीत उतरत नाही. आपला मुलगा कॉलेजात असेल तर त्याला या वाटेला लावा. आणि घरी गाडी करणाऱ्यानेही हाच धडा घ्यावा. इंजिन वाजवण्याआधी ब्रेक तयार करावा.

चौकशीचा अर्ज कसा लिहावा हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी गट ऑफिसात यावे. अर्ज लिहून देण्याइतकी मदत आम्ही आनंदाने करू. येताना गाडी मात्र घरी ठेवून यावे.