रोमिओ-ज्युलिएट : दोष नक्षत्रांचा की माणसांचा?

मंगेश पाडगावकरांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या नाटकाचा शेवट शेक्सपिअरने लपवून ठेवलेलाच नाही. पहिला प्रवेश सुरू होण्यापूर्वीच निवेदक रंगमंचावर येतो आणि चौदा ओळींच्या सुनीतात सांगून टाकतो, की व्हेरोना नगरीतील दोन वैरी घराण्यांत जन्मलेले हे प्रेमिक नक्षत्रांच्या अवकृपेने मरणार आहेत आणि त्यांच्या मरणानेच ते वैर शमणार आहे. साहजिकच ही दैवाने घडवलेली शोकांतिका, असा समज रूढ झाला. घटनाक्रम बारकाईने पाहिला, तर तो पुरता टिकत नाही.

माँटेग्यू आणि कॅप्युलेट यांच्या वैराचे कारण नाटकात कोठेही येत नाही. पहिली मारामारी उकरून काढतात ते घरचे नोकर. पुढे रोमिओ वेषांतर करून कॅप्युलेटांच्या मेजवानीत शिरतो, तेव्हा टिबाल्ट त्याच्यावर धावून जाऊ पाहतो. पण खुद्द वृद्ध कॅप्युलेटच त्याला आवरतो आणि हा तरुण सद्वर्तनी असल्याची गावभर ख्याती आहे, असे बजावतो. घरच्या कर्त्या पुरुषालाही ज्याची विशेष निकड उरलेली नाही, असा हा द्वेष आहे. तो केवळ रूढी म्हणून चालत आला आहे, आणि रूढी जिवंत ठेवण्यास एखादा टिबाल्ट पुरतो.

रोमिओ व ज्युलिएट यांचा पहिला संवादही सुनीताच्याच रूपात बांधलेला आहे. एकाच्या ओळींना दुसऱ्याच्या ओळी पूर्ण करतात. दुसऱ्याच दिवशी फ्रायर लॉरेन्स त्यांचा गुप्त विवाह लावून देतो. या विवाहाने दोन्ही घराणी जोडली जातील, अशी त्या धर्मगुरूची भाबडी आशा असते.

विवाहाला तासभरही होत नाही तोच टिबाल्ट रोमिओला आव्हान देतो. तो आता आपला आप्त आहे, हे रोमिओ उघड सांगू शकत नाही आणि लढायलाही नकार देतो. मित्र मर्क्युशिओला हा भेकडपणा वाटतो व तो तलवार उपसतो. त्यांना सोडवायला रोमिओ मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबाल्टचा वार मर्क्युशिओला लागतो. मग संतापाच्या भरात रोमिओ टिबाल्टला ठार करतो आणि आपण दैवाच्या हातचे बाहुले झालो, असा आक्रोश करतो. तलवार मात्र त्याच्याच हातात असते.

येथून घाई सुरू होते. शेक्सपिअरने ज्यावरून कथा घेतली, त्या आर्थर ब्रूकच्या 1562 मधील काव्यात ती काही महिने चालते. नाटकात सारे चार-पाच दिवसांत उरकते. चौदाही पूर्ण न झालेल्या मुलीच्या विवाहासाठी दोन वर्षे थांबा म्हणणारा कॅप्युलेट टिबाल्टच्या मृत्यूनंतर पॅरिसशी तिचे लग्न गुरुवारी ठरवतो, आणि ती राजी झालेली पाहताच आनंदाच्या भरात ते बुधवारवर आणतो. त्यामुळे 42 तासांच्या मृत्युवत निद्रेचे औषध ज्युलिएटला एक रात्र आधीच घ्यावे लागते. धर्मगुरूच्या योजनेतील मोलाचा एक दिवस असा निसटतो.

केवळ दैवाचा म्हणावा, असा प्रसंग एकच : पत्राचा. रोमिओकडे निघालेला दूत प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. 1595 च्या सुमारास रचलेल्या या नाटकाच्या प्रेक्षकांना हे परके नव्हते. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळेच लंडनची नाट्यगृहे बहुतांश बंद होती. पण पत्राची गरजच का भासली? रोमिओ हद्दपार होऊन मॅंटुआत होता आणि विवाह लपवलेला होता म्हणून. रोमिओच्या नोकराला कोणी अडवत नाही. त्याने पाहिलेले असते ते ज्युलिएटचे दफन. तीच बातमी आधी पोहोचते.

अखेर प्रेतांशेजारी उभे राहून दोन्ही बाप हात मिळवतात. ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारीन, असे माँटेग्यू म्हणतो. रोमिओचाही तितकाच मोलाचा पुतळा शेजारी असेल, असे कॅप्युलेट तत्काळ सांगतो. त्या घटकेलाही बरोबरी सुटत नाही.