बोक्याच्या भयावर इलाज

मांजर पडद्यावर, पुस्तकांच्या कपाटावर अथवा अंथरुणावर मुतू लागले की ते सूड उगवीत आहे, असा निवाडा आपल्याकडे तत्काळ दिला जातो. आणि त्या निवाड्याची अंमलबजावणी म्हणून त्या मुक्या जीवाला एक तर चोप मिळतो, नाही तर पोत्यात घालून गोदेपलीकडे सोडून देण्यात येते. गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या नाशिकमधील गंगापूर रोडवरील घरी, तिचा खच्ची केलेला, चार किलो वजनाचा बोका बाळ्या यांपैकी दुसऱ्या शिक्षेच्या अगदी जवळ येऊन ठेपला असता त्याच्यावर जो औषधोपचार झाला, तो आरंभापासून जवळून पाहण्याचा योग मला आला.

दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी बोक्याला हात लावण्यापूर्वी ताईची सविस्तर कैफियत घेतली. तो उभा राहून मुततो की बसून, त्या वेळी शेपूट ताठ होऊन थरथरते काय, धार भिंतीवर येते की जमिनीवर, मातीच्या तसराळ्यात जाऊन तो कुंथतो काय, हे प्रश्न ऐकताना प्रथम मला कालापव्यय वाटला. परंतु निदानाचा निम्मा भाग त्यांतच होता. उभ्याने, थरथरत्या शेपटीने, उभ्या पृष्ठभागावर मारलेली फवारणी ही बहुधा आपल्या हद्दीची निशाणी असते, आणि खच्ची केलेल्या दहा बोक्यांपैकी साधारण एकात ती खोड पुढेही टिकते. उलट बसून, आडव्या जागी, थोडे थोडे मुतणारे मांजर मूत्राशयाच्या दाहाने हैराण असण्याचा संभव असतो, आणि बोक्याचा मूत्रमार्ग पुरता तुंबला तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. म्हणून कैफियतीवरच न विसंबता त्यांनी मूत्र व रक्त तपासून घेतले, पोटाची सोनोग्राफी केली, आणि शरीरात दोष नाही अशी खात्री पटल्यावरच मनाचा विचार सुरू केला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

कारण सापडले ते कुंपणाच्या भिंतीवर. एक दांडगा परका बोका रोज पहाटे तेथे येऊन बसे, तो खिडकीतून बाळ्याला दिसे, आणि त्याच्यापर्यंत पोहोचता येत नसल्यामुळे बाळ्याचा सारा क्षोभ, जो कोणी जवळून जाईल त्याच्यावर निघे. ताईच्या पोटरीला झालेला खोल चावा हा अशाच एका पहाटेचा. तो चावा ताईसाठी नव्हताच, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले.

प्रथम घराचा बंदोबस्त झाला. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचांना कागद लागला, मातीचे दुसरे तसराळे आले, खाण्याची जागा त्यापासून दूर गेली, आणि फरशी पुसण्याचे फिनेल घरातून हद्दपार झाले, कारण त्यातील द्रव्य मांजराला विषारी असते आणि त्याच्या उग्र वासाने मांजर अधिकच बिथरते. एवढ्याने फवारणी कमी झाली, पण थांबली नाही. बाळ्या पहाटे अजूनही पलंगाखाली डोळे विस्फारून बसे. तेव्हा फ्लुऑक्सेटीन देण्याची तजवीज झाली.

हे औषध माणसांच्या विषण्णतेवर म्हणून अमेरिकेत 1987 साली मान्यता पावले, आणि 2007 साली त्याच देशात एकटेपणाने व्याकुळ होणाऱ्या कुत्र्यांसाठीही त्याला परवानगी मिळाली. मांजरांना मात्र ते पशुवैद्याच्या जबाबदारीवर दिले जाते. मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचे पुनर्शोषण ते रोखते. मात्रा शरीराच्या दर किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, म्हणजे बाळ्याला रोज दोन ते चार मिलिग्रॅम. आणि बाजारातील कॅप्सूल असते दहा किंवा वीसची. दवाखान्यातील कंपाउंडरने दहाच्या कॅप्सुली उघडून प्रत्येकीतील पूड चार समान भागांत विभागली आणि ती इवल्याशा रिकाम्या कॅप्सुलांत भरून दिली. ही विभागणी घरी कोणीही आपल्या मताने करू नये. मांजराचे यकृत अनेक औषधांचे विघटन आपल्यासारखे करू शकत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते, आणि एके काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या डायझेपामने काही मांजरांची यकृते निकामी झाल्याच्या नोंदी आहेत.

औषध देण्याचे कर्म ताईने ज्या शांतपणे आत्मसात केले, ते पाहण्यासारखे होते. बाळ्याला मागून मांडीशी घ्यायचे, डाव्या हाताने गालफडांच्या हाडांवरून डोके धरून किंचित वर करायचे म्हणजे खालचा जबडा आपोआप सैल पडतो, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने तो उघडून कॅप्सूल जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटून गळा चोळायचा, आणि तत्काळ सुईविरहित पिचकारीने गालाच्या कडेतून थोडे पाणी पाजायचे. हे पाणी कोणी विसरता कामा नये. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते. कॅप्सूल दातांत फुटली तर कडू पुडीने तोंडाला फेस येतो, आणि दुसऱ्या दिवशी मांजर हात दिसताच पळते. मागून लगेच सुकटीचा एक तुकडा मिळू लागल्यावर बाळ्या त्या वेळेला आपण होऊन ओट्याजवळ येऊ लागला.

पहिल्या आठवड्यात त्याचे खाणे घटले, आणि ताईच्या सासूबाईंनी, वेड्यांचे औषध पोरासारख्या जनावराला का घालता, असा सवाल केला. त्यांची तळमळ खरी होती. पण भय हेही दुखणेच आहे, आणि हाडाच्या दुखण्यावर औषध देताना जो संकोच आपल्याला वाटत नाही, तो भयाच्या दुखण्यावर वाटण्याचे मला तरी कारण दिसत नाही. ताईने एका वहीत रोजची भूक, वजन, फवारणीची जागा आणि वेळ यांची नोंद ठेवली. या औषधाचा गुण कळायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर मनाला येईल ते स्मरणात राहते, म्हणून वहीशिवाय इलाज नाही. भूक परतली. पुढे पुढे वहीची पाने कोरी जाऊ लागली, आणि एका पहाटे परका बोका भिंतीवर असतानाही बाळ्या कागदाच्या वरच्या काचेतून त्याच्याकडे पाहून, कान न पाडता, अंग चाटीत बसलेला दिसला. तो गुंगीत नव्हता. खेळत होता, हाक मारल्यावर येत होता. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण औषधाने मांजर मढ्यासारखे पडून राहते ही भीती सर्वांत जास्त ऐकू येते. तसे झाले तर मात्रा चुकली असे समजून डॉक्टरांकडे जावे.

फाल्गुनात ताईने मात्रा कमी करण्याविषयी विचारले. डॉक्टरीणबाईंनी नकार दिला. रंगपंचमीला तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा येथील रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात, आणि तेव्हापासून पाडव्याच्या स्वागतयात्रेपर्यंत नाशिकच्या ढोलांचा गजर गल्लोगल्ली चालतो. अशा दिवसांत सावरलेल्या जनावराचा आधार काढणे त्यांना मंजूर नव्हते. चैत्र उलटल्यावर तपासणीला आणावे, येण्यापूर्वी दोन-तीन तास अगोदर प्रवासाच्या धास्तीसाठी गॅबापेंटीनची दिलेली मात्रा द्यावी, आणि त्यानंतर फ्लुऑक्सेटीन एकाएकी बंद न करता काही आठवडे टप्प्याटप्प्याने उतरवावे. उतरवताना फवारणी पुन्हा दिसली तर मागच्या मात्रेवर परत यावे, असे त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर स्वहस्ते लिहून दिले आहे.