उसाच्या फडाशेजारची धनुर्विद्या

माळेगावच्या मंडळींपुढे परगावच्या वक्त्याने उसाविषयी बोलण्याचे धाडस करू नये, हे मी जाणतो. परंतु आज जिची हकीकत सांगायची आहे ती मुलगी उसाच्या शेतातल्या मैदानावरच नेम धरायला शिकली. तेव्हा उसाचे नाव आल्यावाचून राहायचे नाही. ही मुलगी म्हणजे सातारची अदिती स्वामी. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, ती कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली. जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय.

आता हे कंपाउंड धनुष्य काय प्रकरण आहे, ते आधी पाहू. आपल्या डोळ्यांपुढे धनुष्य येते ते रामायणाच्या चित्रातले : एक वाकवलेली काठी आणि एक दोरी. ही दोरी जितकी ओढावी तितका हातावरचा भार वाढत जातो, आणि नेम धरायची वेळ येते तेव्हाच तो सर्वांत जास्त असतो. कंपाउंड धनुष्याच्या टोकांना फिरती चाके असतात. विहिरीवरची कप्पी आपल्या परिचयाची आहे. तिचाच हा जरा चतुर भाऊ समजा. ही चाके मुद्दाम वेडीवाकडी घडवलेली असतात, त्यामुळे दोरी पुरती ओढली गेली की भार एकदम उतरतो आणि मूळच्या पाव हिश्शाच्या आसपास उरतो. दोरी बोटांनी न सोडता हातातल्या एका लहानशा खटक्याने सोडतात. शिवाय भिंग असते आणि पातळी दाखवणारा बुडबुडाही.

एवढे सारे असल्यावर नेम लागणारच, त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण यंत्राने काम सोपे केले की माणसाकडून मागणीही वाढते. लक्ष्य पन्नास मीटरांवर, आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे लहान वाटीच्या तोंडाएवढे. सामन्यात प्रत्येकी पंधरा बाण. एकूण गुण दीडशे. दोघी आळीपाळीने बाण सोडतात आणि प्रत्येक बाणाला वीस सेकंद मिळतात. दुसऱ्या, ऑलिंपिकमधल्या रिकर्व्ह प्रकारात डावागणिक हिशेब होतो; एक डाव हातचा गेला तरी पुढच्या डावाला पाटी कोरी असते. इथे तसे नाही. पहिल्या बाणाला गमावलेला एक गुण पंधराव्या बाणापर्यंत मानगुटीवर बसलेला असतो. कुस्तीत मागे पडलेला मल्ल एका डावात चितपट करू शकतो. इथे दहाच्या वर गुणच नाही, म्हणून प्रतिस्पर्धी चुकण्याची वाट पाहणे एवढेच हाती उरते.

हा हिशेब ध्यानात ठेवून अदितीचे १९२३ नव्हे, २०२३ साल पाहा; शतकाची चूक व्हावी इतके ते साल भरगच्च आहे! जूनमध्ये कोलंबियातील मेदेयीन येथे तिने बहात्तर बाणांत ७२० पैकी ७११ गुण मिळवून अठरा वर्षांखालील जागतिक विक्रम केला. जुलैत आयर्लंडमधील लिमरिक येथे ती त्याच वयोगटाची जगज्जेती झाली. ऑगस्टमध्ये बर्लिनला ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासह सांघिक सुवर्ण मिळाले. भारताचे या स्पर्धेतले ते पहिलेच सुवर्ण. लगेच दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत तिच्यासमोर उभी राहिली ती हीच ज्योती, अनुभवाने कितीतरी मोठी. अदितीने तिला १४९–१४५ असे हरवले आणि अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेर्राला १४९–१४७ असे. पंधरांपैकी चौदा बाण वाटीत, असे दोनदा!

त्याच दिवशी, त्याच मैदानावर, नागपूरचा ओजस देवतळे दीडशेपैकी दीडशे गुण घेऊन पुरुषांत जगज्जेता झाला. ओजस आणि अदिती हे दोघेही साताऱ्याला प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले. मोठे क्रीडासंकुल नव्हे, उसाच्या शेतातले मैदान. तिथून एकाच दिवशी दोन जगज्जेते निघाले. अदितीचे वडील शाळेत गणित शिकवतात. मुलीच्या सरावासाठी कुटुंब गाव सोडून साताऱ्यात आले आणि धनुष्यासाठी कर्ज काढावे लागले, हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले होते. या खेळाचे सामान लाखांच्या घरात जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कर्जाचे वजन कळते.

दोन महिन्यांनी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ज्योतीने उपांत्य फेरीत परतफेड केली, १४९–१४६. अदितीला कांस्यपदक मिळाले, आणि सांघिक सुवर्ण एका गुणाने, २३०–२२९ असे, हाती आले. २०२४ साली याच तिघींनी शांघाय, येचॉन आणि अंताल्या येथील विश्वचषक फेऱ्यांत ओळीने सांघिक सुवर्णे जिंकली.

मग एवढी जगज्जेती मुलगी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला का गेली नाही? उत्तर साधे आहे : तिचा धनुष्यप्रकारच ऑलिंपिकमध्ये नव्हता. नियमाने दार बंद होण्याचा हा अनुभव तिचा एकटीचा नाही. जपानची बर्फावरील स्केटिंगपटू माओ असादा हिने पंधराव्या वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, ग्रां प्री मालिकेची अंतिम स्पर्धा जिंकली. दोनच महिन्यांनी तुरीनचे ऑलिंपिक होते, पण वयाच्या अटीत ती ८७ दिवसांनी कमी पडली. तिला २०१० पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हा मिळाले ते रौप्य. असादाला निदान वय वाढण्याची वाट पाहता आली. अदितीचे वय कितीही वाढले तरी धनुष्य बदलत नव्हते.

एप्रिल २०२५ मध्ये हे दार किलकिले झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचे ठरले. एक पुरुष, एक स्त्री, दोघांचे मिळून सोळा बाण. म्हणजे साऱ्या भारतातून एकाच मुलीला जागा. त्या जागेवर ज्योतीचा हक्क आहे, परनीतचा आहे, आणि मे २०२५ मध्ये शांघायला विश्वचषक फेरीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या अमरावतीच्या मधुरा धामणगावकरचाही आहे. त्याच वर्षी ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेसाठी निवडलेल्या भारतीय महिला संघात अदितीचे नाव नव्हते. २०२८ च्या जूनमध्ये ती बावीस वर्षांची होईल.