थोड्या पैशांत सकस अन्न : गिरणगांवच्या खाणावळींचा धडा

धान्य पिकविणाऱ्या शेतकऱ्याचाच मुलगा मुंबईस नोकरीला गेला म्हणजे तुटपुंज्या पगारांत पोट कसें भरावें या विवंचनेंत पडतो. खोलीचें भाडें चुकवितां येत नाहीं. म्हणून काटकसर प्रथम होते ती जेवणांत. ही अडचण नवी नाहीं.

परळ व लालबाग येथील कापडगिरण्यांत कोंकणांतून व घाटावरून आलेले कामगार एकटे राहात आणि महिन्याच्या बोलीनें खाणावळींत जेवीत. खाणावळ चालविणारी बाई बहुधा उधारीवर किराणा भरी. त्यामुळें भाव चढा पडे व कर्जही वाढे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांस संघटित केलें व बँकेचें कर्ज मिळवून दिलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर कालांतरानें गिरण्या बंद पडल्या व खाणावळींचें गिऱ्हाईक गेलें. परंतु धडा उरला. माल रोखीनें, एकदम व हंगामांत घ्यावा, आणि चार जणांचें एकत्र शिजवावें.

आतां घ्यावें काय? भात-भाकरींतील प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो. म्हणून चार वाट्या धान्यामागें निदान एक वाटी डाळ वा कडधान्य असावें. मटकीस मोड आणल्यास 'क' जीवनसत्त्व वाढतें. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तितक्याच पांढऱ्या तांदळांत तें अगदींच थोडें. उकड्या तांदळांत 'ब१' जीवनसत्त्व अधिक टिकतें, कारण साळ भिजवून वाफवितांना तें कोंड्यांतून दाण्यांत उतरतें. माठ, शेवग्याचा पाला यांसारख्या पालेभाज्या दादरच्या बाजारांतून हंगामांत आणाव्या. त्यांवर लिंबू पिळल्यास अंगीं लोह अधिक लागतें. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा तें अडवितो. मासे खाणाऱ्यांनीं सुका जवळा थोडा थोडा वापरावा. बिस्किटें व तळलेल्या पुड्या यांवर जाणारा पैसा शेंगदाणे, फुटाणे यांकडे वळवावा. भूक अधिक वेळ भागते.

येथें आम्हांस वाचकांस एक गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. नाचणी, कुळीथ व उकडा तांदूळ हें गरिबाचें खाणें, असें समजून आपण मुलाच्या पिशवींत पांढरा तांदूळ भरतों, आणि उत्तम अन्न घरींच राहतें वा स्वस्तांत विकलें जातें. दिवाळीस तो गांवीं आला म्हणजे नाचणीचें पीठ व पांच-सहा किलो कुळीथ त्याबरोबर द्यावे, व भाकरी थापण्यास त्याला शिकवावें. यांत कमीपणा कांहींच नाहीं. आपल्या शेतांतील सकस अन्न आपल्याच मुलाच्या ताटांत पोंचलें नाहीं, तर पिकविण्याच्या श्रमांचें चीज तें काय?